पेन्सिलीचा आकडा

आरेच्या बावीस नंबर युनिटात
गोठ्याच्या टोकाला, पेंडीच्या पोत्यांमागं माझं टेबल.
दूध, वैरण, पगार, मेलेली जनावरं
सगळं माझ्या वहीतून जातं.
फेब्रुवारीत मोमीनशेठ म्हणाले,
नाचणेकर, नवं खातं उघडा. लिहा, भ्रूण.
मी विचारलं, भ्रू ऱ्हस्व की दीर्घ?
शेठ म्हणाले, महाग लिहा.

रेवा गीर जातीची. कपाळ घुमटासारखं,
कान वाळत घातलेल्या विड्याच्या पानासारखे,
वेताला साडेतीन हजार लिटर.
तिला चार दिवस सकाळ-संध्याकाळ सुई,
रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी कमी.
बिल मात्र कमी होत नव्हतं.

रेतन झालं. सातव्या दिवशी डॉक्टर पागधरे आल्या,
खांद्यापर्यंत हातमोजा, रबरी नळी.
गर्भाशय धुतलं, पाणी गाळलं,
माझी वही सरकवून टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवला.
बघायचंय, काका?
बघितलं.
भिजलेला साबुदाणा फार लांबून दिसावा तसं काही,
आत तुतीच्या फळासारखी गुठळी.
एवढ्याशाला एवढे पैसे,
आणि मला चष्मा पुसावासा वाटला.

नऊ निघाली. दोन नुसती रिकामी, एक काळवंडलेलं.
सहा उरली.
सहांना सहा पोटं हवीत.
ती कल्याणच्या बाजारातून आधीच आणून बांधलेली,
गावठी, नावं नसलेली, कानात बिल्ले.
एक्केचाळीस त्यातलीच.
चार लिटर देते, तेही रामदुलारनं पाठ खाजवली तर.

मी गोरेगावात भाड्यानं राहतो.
दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवं डिपॉझिट,
दलालाला एक भाडं,
कपाट जिन्यातून वर, कपाट जिन्यातून खाली.
एक्केचाळीसचा करार नऊ महिन्यांचा.
डिपॉझिट नाही, पोलीस ठाण्यात नोंद नाही,
घरमालकिणीची सही नाही.

दोन महिन्यांनी तपासलं, तीन राहिली होती.
जूनमध्ये एक गेलं. मी तारीख लिहिली
आणि समोर काय लिहावं ते न सुचून
रेघ ओढली.
नोव्हेंबरात एक गोऱ्हा झाला. वळूकेंद्राची माणसं येऊन बघून गेली,
मग फोन नाही.
आणि एक कालवड, एक्केचाळीसला.
मातकट बुटक्या पायांमध्ये
तांबडीलाल, लोंबत्या कानांची.
वार पडायच्या आधीच चाटून काढली तिनं.

कागदावर आई: रेवा.
बाप: कांडीवरचा नंबर.
एक्केचाळीसला त्या कागदात रकाना नाही.
मी आपला वहीत एक पाडला,
त्यात लिहिलं, चीक, तीन दिवस, कालवडीला.
भाव लावला नाही. शेठनं विचारलंही नाही.

बेरीज दोन लाख अठरा हजार चारशे.
गोऱ्हा सोडला तर सगळं एका कालवडीवर.
शेठ म्हणाले, एवढ्यात दुभती गाय दारात आली असती.
डॉक्टर म्हणाल्या, आली असती.
पण रेवा जन्मभरात व्यायची आठदा-दहादा,
असं करत राहिलात तर तेवढी वासरं वर्षा-दोन वर्षांत.
एका गाईवर मोजू नका, कळपावर मोजा.
आणि हो, आईचं अर्धंच येतं,
उरलेलं कांडीतलं.
अर्धं? शेठनं असं पाहिलं
की जणू पूर्ण पैसे घेऊन कुणी माप मारलं.

फायद्याचा आकडा मी पेन्सिलीनं लिहिलाय.
कालवड वेतली, धार काढली,
की शाई.
त्याला साडेतीन वर्षं, म्हणजे माझे चार करार.
तोवर कपाट कुठल्या जिन्यात असेल कोण जाणे.

मार्चची यादी परवा आली.
सहा पोटं.
एक्केचाळीस पहिली.